लाकडी लाट : वसईच्या चरकापासून मैदानाच्या हिरवळीपर्यंत

आपल्या स्मरणिकेत इतिहास या सदराखाली जे छापले जाते, त्यात उत्पत्तीच्या पौराणिक कथा, गोत्रे आणि देवस्थाने यांचाच बहुधा भरणा असतो. त्यास माझी हरकत नाही. विश्वकर्म्याचे स्मरण केल्यावाचून आपल्या घरी नव्या करवतीस हात लागत नाही, हे मीही जाणतो. तथापि तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना इतिहास शिकविल्यावर माझी अशी धारणा झाली आहे की, ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हातांनी काम केले, त्याच्या इतिहासात त्या हातांनी काय घडविले याला निदान एक प्रकरण तरी मिळावे. यंदा चिटणीसांनी लेखाविषयी विचारणा केली, तेव्हा म्हणूनच मी एक अगदी साधी वस्तू निवडली. ती म्हणजे लाकडी लाट.

लाट म्हणजे काय, हे आपल्या घरातील तरुण मंडळींस सांगावे लागेल. स्वयंपाकघरातील लाटणे डोळ्यांसमोर आणावे. तेच हातभर जाड कल्पून, दोन्ही टोकांस आस काढून, एखाद्या चौकटीत फिरते बसविले की लाट झाली. कोणी तिला रूळ म्हणतात, कारखान्यात तिला रोलर म्हणतात. दिसण्यात इतकी साधी वस्तू दुसरी नसेल. परंतु लाकडाचा ओंडका सर्व बाजूंनी सारखा गोल करणे, तो आसाशी समकेंद्र ठेवणे आणि पाऊस, ऊन, रस व चिखल सोसूनही तो गोलच राहील असे लाकूड निवडणे, ही तीनही कामे कसोटीची आहेत. खुर्चीचा पाय किंचित वाकडा कातला गेला तर खुर्ची मोडत नाही. लाट वाकडी झाली तर यंत्र चालतच नाही.

आमच्या डोंगरीच्या टेकडीवरून उत्तरेस पाहिले की खाडीपलीकडे वसई दिसते. आमचे हे धारावी बेट आणि तो वसईचा कोट यांचे दैव एकाच खाडीने बांधलेले आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली, त्यापूर्वी धारावीचे ठाणे घ्यावे लागले होते, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. लढाईचा हा इतिहास सर्वांना पाठ आहे. पण त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी, म्हणजे १६९५ साली, जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी वसईस उतरला होता. हा गृहस्थ व्यवसायाने कायदेपंडित. १६९३ साली तो जगप्रदक्षिणेस निघाला आणि परत गेल्यावर त्याने आपले प्रवासवर्णन अनेक भागांत प्रसिद्ध केले. वसईच्या कोटाबाहेरील बागायतीत फिरताना त्याने ऊस गाळण्याचे काम पाहिले. दोन मोठ्या लाकडी लाटा बैलांकडून फिरविल्या जात होत्या, त्यांच्यामध्ये घातलेला ऊस पार पिळून बाहेर पडत होता, रस मोठ्या कढयांत उकळून रात्री मातीच्या भांड्यांत निवत ठेवीत आणि त्याची पांढरी साखर होई, असे त्याने नमूद करून ठेवले आहे.

आपल्या या भागातील लाकडी लाटेचे इतके स्पष्ट वर्णन सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या लेखणीतून मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र कारेरीने लाटा पाहिल्या, बैल पाहिले, साखर पाहिली, परंतु त्या लाटा घडविणाऱ्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे सरकारी गॅझेटियरे लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही बैलांची संख्या, एकरी गूळ आणि चरकाची किंमत टिपली. सुताराचे नाव कोठे येत नाही.

देशावर पुणे-सातारा भागात हा चरक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत चालत होता आणि त्याची रचना चांगली माहीत आहे. बाभळीच्या दोन, क्वचित तीन, भक्कम लाटा एका जाड चौकटीत उभ्या बसवीत. त्यांना नवरा-नवरी असे नाव होते. एक लाट दुसरीपेक्षा उंच असे आणि तिच्या डोक्यात लांब आडवा दांडा अडकवून त्याला बैल जुंपीत. बैल गोल फिरू लागले की ती लाट फिरे आणि तिच्या वरच्या भागी कोरलेले दाते दुसरीच्या दात्यांत गुंतून तिला उलट दिशेने फिरवीत. एक माणूस ऊस घाली, दुसरा तो पलीकडून घेऊन पुन्हा आत सारी, कारण एका फेरीत रस निघत नसे. खाली मांदणात रस जमे आणि तेथून काहिलीत जाई. पुढचे काम गुळव्याचे.

या दात्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या कारागिरीचे मर्म तेथे आहे. ते दाते गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ नसत, मळसूत्री असत, म्हणजे लाटेभोवती तिरके चढत जात. लाटा शेजारी-शेजारी उभ्या आणि परस्परांच्या उलट फिरणाऱ्या असल्यामुळे एकीचे मळसूत्र उजवे, तर दुसरीचे डावे असावेच लागते. दोन्ही एकाच हाताची कोरली तर दाते एकमेकांत बसणारच नाहीत. हे ज्याला पटत नसेल त्याने घरी प्रयोग करावा. कागदाचे दोन सारखे काटकोन त्रिकोण कापून दोन पेन्सिलींभोवती गुंडाळावेत, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. कागदाची तिरकी कड पेन्सिलीवर जी रेषा उमटविते तेच मळसूत्र. भूमितीच्या तासाला मी हे मुलांना करून दाखवीत असे, आणि ज्या मुलांना प्रमेये नकोशी वाटत ती सुद्धा मान पुढे करून पाहत.

आता असे पाहा. ज्या कारागिराने असा चरक केला त्याला अक्षरओळख असेलच असे नाही. त्याच्यापाशी वाकस, करवत, पटाशी, किकरे, सामता आणि सूत एवढीच सामग्री. इतक्यावर त्याने हातभर जाडीचा बाभळीचा ओंडका गोल तासला, त्याचा मध्य काढला, त्याच्या डोक्यावर उजवे मळसूत्र आखले, जोडीदारावर डावे आखले आणि दोन्हींचे अंतर असे राखले की ऊस चिरडावा, पण लाटा अडकू नयेत. याला मी विद्या म्हणतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जुन्या हातचरकीतही हीच मळसूत्री जोडणी असे, फक्त लहान प्रमाणावर. तेथे खालची लाट लाकडाची आणि वरची बारीक लोखंडी सळई. खानदेश-वऱ्हाडात वाफेवर चालणारे जिनिंगचे कारखाने निघेपर्यंत घरोघरचा कापूस याच चरकीतून जात होता.

बाभूळच का, हाही प्रश्न रास्त आहे. साग टिकाऊ खरा, पण दाब पडला की त्याचा दाता सुटतो. बाभळीचा गाभा कठीण आणि चिवट, तो सहजी उभा फाटत नाही. म्हणूनच गाडीच्या चाकाचा तुंबाही बाभळीचा करीत. उलट सावंतवाडीचे कारागीर खेळणी आणि फळे करण्यासाठी पांगारा पसंत करतात, कारण तेथे वजन नको, हलकेपणा हवा आणि लाखेचा वा रंगाचा हात चढावयास हवा. लाखेच्या कातकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते आणि केवड्याचे पान दाबून धरले की तिला झळाळी येते. प्रत्येक कामाला वेगळे लाकूड, हे ज्ञान आपल्या घरांतून आता वेगाने नाहीसे होत आहे. प्लायवुडच्या दुकानात लाकडाला जात नसते, केवळ जाडी असते!

चरकाची लाट हे गावगाड्यातील काम होते. सुताराला वर्षाचे बलुते मिळे आणि गुऱ्हाळ लागले की बलुतेदारांना रस व गूळ देण्याची रीत होती. लाट झिजली, दाता तुटला, तर सुतार गावातच होता. पुढे जे घडले ते यामुळेच समजते.

लोखंडी चरक आपल्याकडे आला तो बिहारमधून. १८५७ च्या उठावातील वीर कुंवरसिंह यांच्या जगदीशपूरजवळ बिहिया म्हणून गाव आहे. तेथे थॉमसन आणि मिल्न या दोघा युरोपियनांनी १८७० नंतरच्या दशकात लोखंडी लाटांचा लहान चरक तयार केला. त्याला बैल कमी लागत, रस अधिक निघे, आणि ज्या शेतकऱ्यास तो विकत घेणे परवडत नसे त्याला तो हंगामापुरता भाड्याने मिळे. इकडे खडकवासल्याच्या धरणाचे पाणी मुठेच्या कालव्यांतून पुण्याच्या पूर्वेकडील जमिनींस मिळू लागले होते आणि उसाची लागवड वाढत होती. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. तेथून लोखंडी नांगराबरोबर उसाचे चरकही शेतकऱ्यांच्या दारी गेले. थोड्याच वर्षांत बाभळीच्या लाटा गोठ्यामागे पडल्या आणि त्यांतील बहुतेक चुलवणात गेल्या.

येथे आपल्यापैकी काहींना हळहळ वाटेल. मला मात्र प्रामाणिकपणे असे म्हणावेसे वाटते की, लोखंडी चरक हा लाकडी चरकापेक्षा चांगला होता. जे काम एकाहून अधिक बैलजोड्या ओढूनताणून करीत, ते एका जोडीने होऊ लागले. उसातला रस चिपाडात वाया जात असे तो काहिलीत आला. शेतकऱ्याने लोखंड घेतले म्हणून त्याला कृतघ्न म्हणणे बरोबर नाही. मात्र गावच्या सुताराचे एक मोठे हंगामी काम त्याबरोबर गेले, आणि मुंबईकडे, रेल्वेच्या व गिरण्यांच्या कारखान्यांकडे निघालेल्या माणसांच्या रांगेत आपलेही लोक मिसळले. आपल्या किती घराण्यांचा ‘आम्ही मूळचे घाटावरचे’ हा इतिहास या एका वाक्यात आहे, याचा ज्याने त्याने आपल्या घरी विचार करावा.

मुंबईत आलेल्या मेस्त्रीला लाट पुन्हा भेटली, पण ती वेगळ्याच वेषात. इंग्रज मंडळींना हिरवळीचे वेड. १८३० साली इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव छाटण्यासाठी गिरण्यांत जे फिरत्या पात्यांचे यंत्र असे, ते पाहून त्याला ही युक्ती सुचली असे सांगतात. म्हणजे हे यंत्रही कापडाच्या गिरणीचेच लेकरू! दोन वर्षांनी इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने ती यंत्रे परवान्याने करण्यास आरंभ केला. मुंबईत १८६२ साली राणीचा बाग सुरू झाला, १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, मग १८८५ साली पारशी आणि १८९४ साली हिंदू जिमखाना. क्रिकेट आणि टेनिस खेळायचे तर गवत बोटभरही वाढून चालत नाही. आपल्या देशातील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्याच्या ज्या हिरवळीवर झाला, त्या सामन्यात लाला अमरनाथांनी शतक केले हे सर्वांना माहीत आहे. ती हिरवळ कापणाऱ्यांची आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांची नोंद धावफलकात नसते.

ढकलून चालविण्याच्या या यंत्राची पाती आणि चाके लोखंडी, परंतु जमिनीस टेकणारी एक बारीक लाट बहुधा लाकडाची असे. काही यंत्रांत ती पात्यांच्या मागे असते, काहींत पुढे. ती वर-खाली केली की गवत किती उंचीवर कापले जाईल ते ठरते. लाकडी लाट हलकी, स्वस्त, आणि बिघडली तर बदलता येणारी. यंत्र विलायतेचे असले तरी तिच्यासाठी विलायतेस पत्र धाडण्याचे कारण नव्हते. ती कोणताही जाणता कातारी करून देऊ शकत असे.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९८७-८८ च्या सुमारास मी ज्या शाळेत होतो, तेथे मैदानासाठी कोणा देणगीदाराने दिलेले असे एक जुने यंत्र होते. त्याची पुढची लाट वाळवीने खाल्ली होती. यंत्र भंगारात काढावे, असे ठरत आले होते. भाईंदरच्या बाजूस आपल्याच समाजातील एक वृद्ध मेस्त्री लाकडाचा लेथ चालवीत, त्यांच्याकडे मी ते नेले. त्यांनी जुन्या लाटेचे तुकडे जुळवून आधी लांबी घेतली, मग आसाच्या सळईची जाडी. वाळलेल्या सागाचा तुकडा घेऊन प्रथम त्यात आरपार भोक पाडले आणि त्या भोकाच्याच आधाराने तो लेथवर चढविला. आधी बाहेरून गोल करून मग भोक पाडले तर ते थोडे तरी कलते आणि लाट उड्या मारते, हे त्यांनी मला न विचारता सांगितले. लाट गुळगुळीत झाल्यावर त्यांनी तिच्यावर ठराविक अंतराने खोल खाचा आणि मध्ये गोल कडी काढली. दिसावयास ती देवघराच्या खांबासारखी सुरेख दिसू लागली.

“मेस्त्री, यंत्राला ही नक्षी कशाला?” मी विचारले.

“नक्षी नव्हे मास्तर. सपाट लाट पुढनं गेली तर गवत आडवं पडतं, मग मागचं पातं कापणार काय? खाचेतलं गवत उभं राहतं.”

लाट बेलतेलात बुडवून दोन दिवस ठेवली. विशेषतः दोन्ही टोकांच्या तोंडांना तेल पाजले, कारण लाकूड पाणी पिते ते टोकांनीच. ती लाट मी त्या शाळेत होतो तोवर चालली. पुढे मला समजले की विलायतेतील जुन्या यंत्रांच्या पुढच्या लाटाही अशाच खाचांच्या किंवा तुकड्या-तुकड्यांच्या असत, आणि आजही उत्तम मैदानांवरील यंत्रांत खाचांची लाट वापरतात. मेस्त्रींनी ते कोठे वाचले नव्हते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो मला आपल्या फाउंड्रीत काम केलेल्या ज्ञातिबांधवांकडून कळला आणि ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. लाकडी लाट चुलवणात गेली, असे मी वर म्हटले. वस्तुतः ती लोखंडाच्या आत जाऊन बसली. ओतीव लोखंडाची कोणतीही वस्तू करावयाची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबून काढली की मागे जी पोकळी राहते तीत वितळलेले लोखंड ओततात. म्हणजे बाभळीच्या लाटेला हुसकावून लावणारी लोखंडी लाट प्रथम लाकडातच कातली गेली होती, आणि ती कातणारा सुतारच होता.

हे कामही मोजमापाचे. लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आकसते; म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची मोजपट्टीच निराळी असते, तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब. लाटेचा पॅटर्न दोन उभ्या अर्ध्या भागांचा करतात, म्हणजे वाळूतून काढता येतो. ते अर्धे भाग मध्ये कागद घालून सरसाने चिकटवायचे, अखंड लाट म्हणून लेथवर कातायचे, आणि मग पटाशीचे टोक सांध्यात घालून हलकेच उकलायचे. कागद मधोमध फाटतो आणि दोन बिनचूक अर्ध्या लाटा हातात येतात. या कामास मात्र साग चांगला. तो वाळल्यावर फारसा हलत नाही. बाभूळ जेथे हरली तेथे साग उपयोगी पडला, हाही एक योगच.

कोल्हापूरची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. गुळाची ती मोठी पेठ, आणि तेथेच शिवाजी उद्यमनगरात इंजिने, चरक व शेतीची अवजारे यांच्या दुरुस्तीतून लहान-मोठ्या फाउंड्र्यांचे जाळे वाढले. लोखंड ओतणाऱ्या प्रत्येक भट्टीला पॅटर्न करणारा हात लागला. किर्लोस्करांचे नाव पाठ्यपुस्तकात आले, ते योग्यच झाले. पॅटर्नच्या फळ्यांवर मात्र फक्त क्रमांक रंगविलेले असत.

आता संगणकावर चालणारी यंत्रे पॅटर्न कोरतात आणि लाकडाऐवजी राळेचे ठोकळे वापरले जातात. लाकडाचे लेथ विकले गेले. आमच्या डोंगरी-उत्तनच्या बाजूस जुन्या घरांच्या ओटीला आणि जिन्यांना जे कातीव कठडे होते, ते घर पाडताना जळणाच्या भावाने जातात. नव्या इमारतीत पोलादी नळ्या बसतात. याविषयी तक्रार करून उपयोग नाही, परंतु जे अजून शिल्लक आहे त्याची नोंद करणे आपल्या हाती आहे. ती नोंद आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

संपादक मंडळाची संमती घेऊन मी अशी विनंती करतो की, ज्या सभासदांच्या मूळ गावी जुन्या चरकाची लाट, कापसाची चरकी, हातलेथ किंवा वडिलार्जित पॅटर्न अद्याप असेल, त्यांनी पुढील अंकापूर्वी कळवावे. छायाचित्र असल्यास उत्तम, नसल्यास पुढील गोष्टी लिहून पाठवाव्यात : गाव आणि तालुका, लाकूड कोणते, लाटेची लांबी व घेर, दाते किती आणि मळसूत्र उजवे की डावे, कोणी केली आणि कोणत्या साली, व शेवटची केव्हा वापरली. मोजताना घेर दोरीने घ्यावा आणि तो दोन्ही टोकांस व मध्ये असा तीन ठिकाणी घ्यावा, कारण झिजलेली लाट मध्येच बारीक झालेली असते.